एका प्रतीचा छापखाना

2010 च्या दिवाळीत अंबाजोगाईतल्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या अमेरिकेतल्या नातवानं ई-पुस्तक वाचायचं यंत्र आणून दिलं. सरांचं वय तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पण उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध इजा झालेली. छापील ओळ मधूनच कुणी बोटानं पुसल्यासारखी दिसायची. वर्तमानपत्राचे मथळे वाचायचे आणि बातमी सोडून द्यायची, असं चाललं होतं. नातवाचा हिशोब सरळ होता: यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणजे आजोबा पुन्हा वाचायला लागतील.

अक्षर मोठं होत होतं, पण इंग्रजी. सर लहानपणी निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर पुढचं शिक्षण मराठीतून केलं आणि नोकरीभर मराठी व इतिहास शिकवला. इंग्रजी त्यांना यायचं ते अर्ज-परिपत्रकापुरतं. यंत्रात नातवानं भरून दिलेली इंग्रजी पुस्तकं त्यांनी पाहुण्यांकडचा फराळ चाखावा तशी थोडी थोडी चाखली आणि बाजूला ठेवली.

माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, प्राध्यापकांचे प्रबंध आणि अधूनमधून कवितासंग्रह अशी कामं. सरांच्या हाताखाली शिकलेला असल्यानं यंत्र माझ्या टेबलावर यायला "जरा बघतोस का रे" एवढं पुरे झालं. पुढची दोन-अडीच वर्षं ते त्यांच्या घरातून माझ्या दुकानात आणि दुकानातून घरात फिरत राहिलं. त्याचीच ही हकीकत. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या पिढीतल्या बहुतेक परदेशी यंत्रांची देवनागरीपुढे हीच गत होती, एकालाच धरून उपयोग नाही.

यंत्र कोणत्या जातीचं

हातात मावणारं पुस्तक-यंत्र 2010 मध्ये अगदी नवं नव्हतं. 1998 मध्ये अमेरिकेत रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक अशी दोन यंत्रं बाजारात आली होती. दोन्ही सहाशे ग्रॅमच्या वरची आणि लॅपटॉपसारख्या एलसीडी पडद्याची. ती टिकली नाहीत. पुढे 2004 मध्ये सोनीनं जपानात लिब्री काढलं आणि त्यात पहिल्यांदा ई-इंकचा पडदा बसवला. 2006 मध्ये सोनी रीडर आलं. नोव्हेंबर 2007 मध्ये ॲमेझॉननं 399 डॉलरला किंडल काढलं आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. ऑक्टोबर 2009 पासून ते भारतात मागवता येऊ लागलं. 2010 मध्येच आपल्याकडे इन्फिबीम कंपनीनं 9,999 रुपयांना 'पाय' (Pi) नावाचं यंत्र आणलं. त्यात भारतीय भाषा चालतील असं कंपनी सांगत होती, पण आमच्या गावात ते कुणाकडे पाहिलं नाही.

सरांचं यंत्र ई-इंकचं होतं. सहा इंची पडदा, 600 बाय 800 ठिपके, करड्याच्या सोळा छटा, खाली बारीक बटणांचा कळफलक. ई-इंकची गंमत अशी की तो पडदा उजेड फेकत नाही. आत केसाच्या जाडीच्या कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. पांढऱ्यांवर धन भार, काळ्यांवर ऋण. खालून विजेचा दाब दिला की कुठले कण वर यायचे ते ठरतं आणि पुढचा दाब मिळेपर्यंत ते तिथेच राहतात. वीज लागते ती पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलं की यंत्राचं मोबाइल इंटरनेट बंद ठेवून पंधरवडा निघायचा. ज्या गावात रोज ठरलेल्या वेळी भारनियमन असायचं, तिथे या गुणाची किंमत पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. मोबाइल मेलेला, टीव्ही बंद आणि सर ओसरीवर वाचत बसलेले, हे पुढे गल्लीला सवयीचं झालं.

चौकोनांची भाषा

पहिला प्रयत्न नातवाचाच. त्यानं इंटरनेटवरून ज्ञानेश्वरीचा युनिकोड मजकूर (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक) उतरवून यंत्रात टाकला होता. सरांनी उघडला तर पानभर रिकामे चौकोन. "हे काय चौकटी दाखवायलंय रे? ओवीच्या जागी सगळे कोरे दगड," असं म्हणत त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

यंत्रात देवनागरीचा फॉन्टच नव्हता. कुलूप उघडून आत दुसरे फॉन्ट घालायची एक आडवाट तेव्हाचे यंत्रवाले वापरायचे. ती करून पाहिली. चौकोन गेले, पण आलं ते वाचण्यासारखं नव्हतं. 'विद्यार्थी' मधली पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन उभी राहिली, 'द्या'चा पाय मोडून हलंत झाला, रफार सुटून 'र्' म्हणून वेगळा पडला. फॉन्ट म्हणजे फक्त चित्रं. साठवताना 'व' आधी आणि वेलांटी नंतर असते, दाखवताना ती उलटी करावी लागते. जोडाक्षर बांधावं लागतं, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो. हे काम फॉन्टचं एकट्याचं नाही, मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रामचं आहे, आणि तो प्रोग्राम इंग्रजीसाठी लिहिलेला. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं झाली होती. तरी परदेशातून आलेल्या महागड्या यंत्राला एक सरळ 'कि' काढता येत नव्हती.

कॅलिबर नावाचा फुकट प्रोग्रामही वापरून पाहिला. पुस्तकांचे प्रकार एकमेकांत बदलायला तो तेव्हाही उत्तम होता आणि आजही आहे. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सोनीच्या रीडरसाठी त्याची सुरुवात केली. पण कॅलिबर मजकुराचं गाठोडं बांधून देतं. यंत्रालाच अक्षर जोडता येत नसेल तर गाठोडं कितीही नीट बांधून काय होणार?

राहिलं पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आणि जागा आधीच ठरलेल्या असतात, फॉन्ट फाइलीतच बसवलेला असतो. यंत्राला काही जोडायचं नसतं, नुसतं चित्र उतरवायचं असतं. माझ्याकडे सीडीवर पडलेल्या एका डेमी आकाराच्या पुस्तकाची पीडीएफ टाकली आणि पहिल्यांदा त्या पडद्यावर शुद्ध मराठी उमटलं. मुंग्यांएवढं.

नऊ बाय बाराचं पान

डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. यंत्राचा पडदा साधारण 3.6 बाय 4.8 इंचांचा. पान उंचीत बसवायचं तर ते निम्म्याहून थोडं जास्त एवढंच उरतं, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर पावणेसातवर येतं. इतक्या लहान आकारात अनुस्वार कागदावरच्या डागासारखा दिसतो आणि 'घ' की 'ध' ते संदर्भावरून ठरवावं लागतं. सरांच्या डोळ्यांना तर नुसत्या करड्या रेघा.

पीडीएफ मोठं करून बघायची सोय होती, पण मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची आणि बटण दाबत डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. ज्याच्या नजरेच्या मधोमध आधीच भोक आहे त्याला ओळीचं शेपूट हरवणं परवडत नाही. मग समास कापून यंत्र आडवं धरलं. सव्वाचार इंची मजकूर 4.8 इंचांत पसरला, अक्षर साडेतेरा पॉइंटचं झालं, एका पानाचे दोन-तीन तुकडे झाले. बहुतेक चांगल्या डोळ्यांच्या माणसांचं इथे भागलं असतं. सरांना अठरा हवा होता.

तेव्हा उलटा विचार केला. पुस्तक यंत्रात बसवायचं सोडून यंत्राच्या मापाचं पुस्तक लावायचं. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये नऊ बाय बारा सेंटिमीटरचं पान घेतलं, चारी बाजूंना तीन मिलिमीटरचा समास ठेवला. पडद्याला स्वतःची चौकट आहेच, आणखी समास कशाला? छपाईत असं पान कुणी लावलं तर मी त्याला दुकानातून घालवीन.

यानंतरचं काम मला आवडलं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. फॉन्ट निवडायला मी एक तक्ता केला: एकच उतारा चार-पाच फॉन्टमध्ये, वेगवेगळ्या आकारात. सरांना तो डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यासारखा वाचायला लावला. छापील पुस्तकात आम्ही जो नाजूक, जाड-बारीक वळणांचा फॉन्ट वापरतो तो इथे पहिल्यांदा बाद झाला. इंचाला 167 ठिपक्यांच्या पडद्यावर त्याचे बारीक भाग विरून जातात आणि 'ग'चा काना सुटा पडतो. जाड ठसा घेतला तर 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ठ' यांची पोटं बुजतात. मधल्या जाडीचा, सगळीकडे सारख्या रेघेचा फॉन्ट टिकला. रेडिओवरच्या बातम्यांसारखा, वळणं नाहीत पण ऐकू येतो, असं सर म्हणाले.

दोन ओळींमधलं अंतर हा दुसरा घोळ. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत शिरतात. रोमन लिपीला हा त्रास फार कमी, त्यामुळे यंत्रात आयता असलेला अंदाज आमच्या कामाचा नव्हता. अठरा पॉइंटच्या अक्षराला चोवीसचं लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) दिलं तेव्हा मोकळं झालं. दोन्ही कडा जुळवायचा मोहही सोडावा लागला. ओळीत चारच शब्द मावत असताना कडा जुळवल्या की शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडते. मजकूर डावीकडे जुळवला आणि उजवी कड वाकडी राहू दिली.

असं लावल्यावर एका पानात पन्नासेक शब्द बसले. दोनशे पानांच्या साध्या पुस्तकाची यंत्रात हजारावर पानं झाली. प्रत्येक पान उलटताना ई-इंकचा पडदा क्षणभर काळा होतो आणि मग नवं पान येतं. हा झटका त्या काळच्या सगळ्या मालकांच्या तक्रारीत असायचा. मला वाटलं सर वैतागतील. ते म्हणाले, "फळा पुसला की असंच होतंय." विषय संपला.

पीडीएफला अनुक्रमणिकेतून उडी मारता येत नव्हती, म्हणून प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल. फाइलचं नाव देवनागरीत दिलं की यादीत पुन्हा चौकोन, म्हणून नावं रोमन अक्षरांत आणि पुढे आकडा. पुस्तकांची ती यादी बघून कुणाला वाटलं असतं, ही गोदामातल्या मालाची नोंदवही आहे.

काय वाचलं

सर्वांत आधी ज्ञानेश्वरी. अठरा अध्याय, अठरा फाइली. इथे एक गोष्ट लक्षात आली जी आधी सुचली नव्हती. ओवी या पडद्यासाठीच जन्मल्यासारखी बसते. चार चरण, चरण आखूड, एका ओळीत एक. गद्याची ओळ चार शब्दांनी तुटली की वाक्य लंगडतं, ओवी मात्र तिथेच श्वास घेते. एका पानात तीन ओव्या बसायच्या. अभंगांचंही तसंच. गद्यात सरांना सगळ्यात त्रास झाला तो लांब वाक्यांच्या प्रबंधवजा पुस्तकांचा. आधीचं अर्धं वाक्य मागच्या पानावर गेलेलं असायचं, आणि मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं तर काळे झटके दुप्पट.

पुस्तक कशावर असावं याचे प्रयोग तसे आमच्या गावाला नवे नाहीत. संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा आपला ग्रंथ कापडावर लिहिला, ती पासोडी अंबाजोगाईतच आहे. सरांनी ती शाळेच्या पोरांना कितीदा दाखवली असेल. यंत्राकडे बघून काकूंनी एकदाच विचारलं होतं, की हे देवघरात न्यायला चालतं का. सरांनी पासोडीचा दाखला दिला. तेवढ्यावर हरिपाठ यंत्रात गेला आणि यंत्राला पोथीसारखं लाल बासन मिळालं.

पण या सगळ्या प्रकरणातला खरा भाग ज्ञानेश्वरी नव्हे. ती मोठ्या टाइपात छापीलही मिळते. खरा भाग माझ्या कपाटातल्या सीड्या. आमच्या भागातलं पुस्तक साधारण असं निघतं: लेखक हस्तलिखित घेऊन येतो, आम्ही कंपोझ करतो, प्रूफं दोनदा-तीनदा फिरतात, छपाईच्या प्लेटसाठी पारदर्शक कागदावर ट्रेसिंग निघतं, तीनशे-पाचशे प्रती छापल्या जातात, प्रकाशन समारंभ होतो, निम्म्या प्रती वाटल्या जातात आणि उरलेल्या लेखकाच्या माळ्यावर जातात. ते पुस्तक पुन्हा कुठल्या दुकानात सापडत नाही. पण त्याची पेजमेकरची फाइल सीडीवर शाबूत असते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सत्याग्रहींच्या आठवणी, एखाद्या गावाचा इतिहास, दुष्काळावरच्या कविता, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. सरांना वाचायचं होतं ते हेच. यातले निम्मे लेखक त्यांचे विद्यार्थी किंवा सहकारी.

परवानगीचा प्रश्न फोनवर सुटायचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा जिवंत लेखकाला विचारल्याशिवाय फाइल उघडायची नाही हा माझा नियम होता. (2012 च्या दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात करून द्यायला कायद्यानं वाट दिली, पण तोवर आमचं बरंच काम उरकलं होतं.) बहुतेकांनी आनंदानं हो म्हटलं. एका कवीनं विचारलं, "सर खरंच वाचणार का?" आणि मग स्वतःच्या घरच्या जुन्या संग्रहाची फाइलही पाठवून दिली. एका कादंबरीकारानं साफ नकार दिला: पुस्तक विकत घ्या. त्याचंही बरोबर होतं. सरांनी घेतलं, आणि सून ते त्यांना वाचून दाखवायची.

जुन्या फाइलींचं काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. त्या श्री-लिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये. त्यांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट बदलला की 'माझे गाव' ऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. म्हणून फॉन्ट त्याच कुळातला ठेवून फक्त पान आणि आकार बदलायचा. मजकूर नव्या मापात वाहून जायचा, पण तळटिपा, चित्रं, कोष्टकं जिथल्या तिथे लटकायची. कोष्टकं मी काढूनच टाकायचो. चित्रं करड्या सोळा छटांत बरी दिसायची, विशेषतः जुने कृष्णधवल फोटो.

आणि मग न मागता एक फायदा झाला. अठरा पॉइंटच्या अक्षरात, पन्नास शब्दांच्या पानावर, सरांना छपाईच्या चुका दिसू लागल्या. छापील पुस्तकात लेखकाच्या, माझ्या आणि प्रूफ तपासणाऱ्याच्या डोळ्यांखालून निसटलेल्या. 'दिन' आणि 'दीन', सुटलेला अनुस्वार, एका इतिहासाच्या पुस्तकात चक्क शकाच्या जागी सन. ते यादी करून पाठवायचे, पान क्रमांकासकट, लाल शाईत. एका लेखकाची दुसरी आवृत्ती त्या यादीवरून दुरुस्त होऊन निघाली. डोळे अधू झालेला माणूस आमचा सगळ्यात बारीक मुद्रितशोधक ठरला.

जे जमलं नाही तेही सांगितलं पाहिजे. वर्तमानपत्र जमलं नाही. ई-पेपरचं पान म्हणजे चादर, ती सहा इंचांत कशीही घडी घातली तरी वाचता येत नाही. उर्दूही जमलं नाही. भारताच्या डिजिटल लायब्ररीत जुनी उर्दू पुस्तकं स्कॅन केलेली होती, आणि लहानपणी शिकलेली ती लिपी सरांना एकदा पुन्हा वाचायची होती. पण स्कॅन म्हणजे पानाचं छायाचित्र, त्याचं अक्षर नव्यानं लावता येत नाही. नस्तालीकची, म्हणजे उर्दूच्या त्या लेखनशैलीची, तिरकी वळणं करड्या धुक्यात गेली.

यंत्राचा फुकटचा मोबाइल इंटरनेटही असाच. त्यावरून इंग्रजी पुस्तक मिनिटभरात उतरायचं, पण मराठी काही विकायलाच नव्हतं. कंपनीच्या दुकानापर्यंतचा रस्ता चांगला होता, दुकानात आमचा माल नव्हता. म्हणून मी याला सरांचं ग्रंथालय म्हणत नाही. तो एका प्रतीचा छापखाना होता: एका वाचकासाठी, त्याच्या डोळ्याच्या मापानं, एकेक पुस्तक पुन्हा लावायचं. कागद-शाईचा खर्च शून्य, मजुरी पूर्ण. नातवाला वाटलं होतं यंत्र घेतलं की वाचन सुरू होतं. मराठीपुरतं तरी, मध्ये एक कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा, लागला.

ऊन, अंधार, एसटी

पडद्याला स्वतःचा उजेड नाही हे दिवसा वरदान आणि रात्री पंचाईत. संध्याकाळी लाईट गेली की यंत्र जिवंत, पण दिसायचं काही नाही. कंदिलाचा उजेड पिवळा पडायचा, मेणबत्तीची सावली हलायची. शेवटी चार्जिंगचा दिवा खुर्चीच्या मागे टांगला, तेव्हा जमलं.

उन्हाळ्याचं वेगळं. अशा यंत्रांना वापरासाठी 35 अंशांपर्यंतची मर्यादा सांगितलेली असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीस म्हणजे रोजचंच. ई-इंकमधले कण द्रवात तरंगतात. उष्णतेनं द्रव पातळ होतो आणि कण किती वेगानं सरकतील ते बदलतं. यंत्र तापमान बघून विजेचा दाब कमी-जास्त करतं, पण त्या हिशोबालाही मर्यादा असते. थेट उन्हात पान उलटलं की अक्षरं फिकी पडतात ही त्या पिढीतल्या काही यंत्रांची माहीत असलेली तक्रार होती, आणि सरांच्या ओसरीवर ती अकराच्या पुढे दिसायची. आधी त्यांना वाटलं डोळेच गेले. सून म्हणाली मलाही फिकं दिसतंय, तेव्हा जीव भांड्यात पडला. उपाय घरातच होता: माळवदाची आतली खोली. धाब्याची जाड माती ऊन आत येऊ देत नाही. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वाचनाची बैठक तिथे हलायची.

यंत्र मोडलं ते एसटीत. लातूरला डोळे दाखवायला जाताना सरांनी ते बासनासकट पिशवीत घातलं, वर स्टीलचा डबा आला, आणि पिशवी गर्दीत मांडीखाली दबली. ई-इंकचा वरचा थर लवचिक असतो, पण त्याच्या खालचा इलेक्ट्रॉनिक थर त्या पिढीत काचेवर बसवलेला. कापड ओरखडा वाचवतं, दाब वाचवत नाही. बाहेरून काहीच फुटलेलं नव्हतं. डावीकडे अर्धी ओवी आणि उजवीकडे उभ्या-आडव्या पट्ट्या. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं खोलून बघितलं, पडदा मिळेल का म्हणून हैदराबादला फोन लावला आणि सांगितलं की पडद्याच्या किमतीत जवळपास नवं येतं. 2012 च्या ऑगस्टपासून किंडल आपल्याकडच्या दुकानांत 6,999 रुपयांना मिळू लागलं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्यानंतर

सरांच्या मुलानं दुसरं यंत्र आणलं. पडदा पुन्हा सहा इंची, म्हणून नऊ बाय बाराच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा चालल्या. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, बाजारानं ते माप धरून ठेवलं म्हणून जमलं.

डिसेंबर 2016 मध्ये ॲमेझॉननं हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर मराठी पुस्तकंही किंडलवर विकायला आणली. तोवर यंत्रांनाही देवनागरी जोडता येऊ लागली होती, आणि पडद्याच्या कडेनं आतून उजेड यायचा. सरांनी एक कादंबरी विकत घेतली, बटण दाबून अक्षर मोठं केलं, वेलांटी जागेवर होती. मला फोन करून म्हणाले, "आता तुझी गरज नाही बरं का." पुणे-मुंबईच्या प्रकाशकांच्या पुस्तकांपुरतं ते खरं होतं. बीड-परभणी-नांदेडकडच्या, पाचशे प्रतींच्या पुस्तकांपुरतं नव्हतं. ती त्या दुकानात तेव्हा नव्हती आणि बरीचशी आजही नाहीत. त्यासाठी सर दुकानात येत राहिले.

हल्ली पुस्तकाचं काम घेताना मी लेखकाला पहिल्याच दिवशी विचारतो, की छपाईच्या फाइलबरोबर वाचायची वेगळी फाइल हवी का. युनिकोडमध्येच कंपोझ करतो, म्हणजे पुढे कुठल्याही मापात ओतता येतं. सहा इंची यंत्राचं पान आता कुणी मागत नाही. सगळ्यांना मोबाइलवर पाठवता येईल असं हवं असतं. फोनचा पडदा लांबट, तेव्हा पान सात बाय चौदा सेंटिमीटरचं, अक्षर चौदा, लीडिंग वीस, कड डावीकडे. त्याचे पैसे वेगळे लावतो. प्राध्यापक लगेच देतात, कवी घासाघीस करतात.